केस सरळ करायचा गरम ब्रश: साफ करायला सोपा कसा बनवायचा?

रेखाचित्र

गरम ब्रशच्या नव्या रचनेवर काम सुरू आहे, या मंचावरच्या जाणकारांचं मत हवंय.

सध्याची मांडणी अशी: २३० व्होल्ट, ६० वॉट, पीटीसी हीटर (तापला की स्वतःच वीज कमी घेणारा). त्यावर एडीसी १२ अॅल्युमिनियमची ओतीव दातेरी पाटी, ११० × ४० मिमी, वजन साधारण ७० ग्रॅम. भोवती काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची चौकट, आणि टाळूला चटका बसू नये म्हणून चौकटीवरच थंड दात्यांची एक ओळ. दाते १८ मिमी उंच, तिरप्या ओळींत, दोन दात्यांमधलं मध्य ते मध्य अंतर ४ मिमी. गरम दात्यांच्या टोकांना सिलिकॉनच्या टोप्या. तापमान १५० ते १९० अंश.

वापरून परत आलेल्या नमुन्यांत तीन तक्रारी सारख्या दिसतात. दात्यांच्या बुडाशी तपकिरी किटण, ते ओल्या फडक्याने निघत नाही. पाटी आणि चौकट यांच्यामधल्या फटीत केस अडकून करपतात, वास येतो. आणि टोप्या ढिल्या पडून गळतात.

समोर तीन पर्याय आहेत. (अ) डोकं सुटं करायचं आणि नळाखाली धुवायचं. (ब) कुत्र्या-मांजरांच्या ब्रशला असतो तसा बटण दाबल्यावर वर येणारा जाळीदार पत्रा, जो केस ढकलून काढेल. (क) रचना तीच ठेवून महागडा लेप. विक्रीची किंमत दीड हजाराच्या आत ठेवायची आहे. कुठला धरावा?

---

रसायनी

पर्याय नंतर. आधी तुमच्या ब्रशवर नेमकं काय साठतंय ते बघा, कारण प्रत्येक थराची तऱ्हा वेगळी आहे.

हेअर स्प्रेचा थर पाण्यात किंवा स्पिरिटमध्ये विरघळतो, त्याची काळजी नको. त्रास देतं ते तेल. खोबरेल जवळजवळ सगळं संपृक्त असतं, त्याचा आयोडीन अंक (जितका जास्त तितकं तेल लवकर घट्ट होतं) १० च्या आसपास. ते तापलं की धूर सोडतं, पण घट्ट व्हायला वेळ घेतं. बदाम, तीळ, मोहरी यांचा अंक १०० च्या घरात. ही तेलं पातळ थरात १८० अंशांवर वारंवार तापली की एकमेकांत जोडली जाऊन वार्निश बनतात. कढईच्या बाहेरच्या बाजूला बसतो तोच प्रकार. ओलं फडकं त्याला काहीही करत नाही आणि स्पिरिटही फारसं नाही. म्हणजे वार्निश व्हायच्या आत, मऊ असतानाच ते पुसलं गेलं पाहिजे. तुमची रचना रोज पुसू देते का, हा खरा प्रश्न.

टोप्यांचं कारण वेगळं आहे. केसांच्या सीरममध्ये सिलिकॉन तेलं असतात, आणि सिलिकॉन रबर सिलिकॉन तेलात फुगतं. पातळ, उडून जाणारी सिलिकॉनं तर पटकन आत शिरतात. टोपी फुगते, पकड सुटते, पुन्हा आकसते, आणि काही दिवसांनी केसांबरोबर निघून येते. गोंद बदलून उपयोग नाही. टोपी पीपीएसची (ताप सोसणारं कडक प्लास्टिक) करा आणि दात्याच्या टोकाला खाच देऊन खटक्याने बसवा. पीपीएस २८० अंशांच्या आसपास वितळतं, तेलाला दाद देत नाही. सिलिकॉनइतकं मऊ लागत नाही हे खरं, म्हणून टोक गोल आणि मोठं ठेवा, किमान २.५ मिमी व्यासाचं.

मूठ एबीएस प्लास्टिकची असेल तर तीही बदला. तेल आणि आतला ताण एकत्र आले की एबीएसला बारीक चिरा जातात, बहुतेक वेळा स्क्रूच्या बुंध्याशी. पीबीटी प्लास्टिक घ्या.

---

साचाघर

(क) आधीच बाद करा. लेप कितीही महाग घ्या, तो जिथे हवा तिथेच बसत नाही.

४ मिमी अंतरावर १८ मिमी उंच दाते असतील तर फवारणी दात्यांच्या बुडापर्यंत पोचतच नाही. टोकांवर ३० मायक्रॉन आणि बुडाशी पाच-सात, असं होतं. त्याआधीचा वाळूचा माराही तिथे पोचत नाही, त्यामुळे जो काही लेप बसतो त्याची पकडही कच्ची. किटण नेमकं बुडाशी साठतं म्हणताय, त्यात नवल नाही.

टेफ्लॉनच्या वाटेला जाऊ नका. तो पक्का व्हायला ३८० अंशांच्या आसपास भाजावा लागतो, आणि दाबाने ओतलेल्या एडीसी १२ मध्ये अडकलेली हवा त्या तापाला फुगून पृष्ठभागावर फोड येतात. सोल-जेल सिरॅमिक (द्रावणातून बसवायचा लेप) २०० ते २८० अंशांत भाजतो, तोच ठीक. त्यालाही धारदार कडा चालत नाहीत, लेप कडेवरून मागे सरकतो. दिसणाऱ्या प्रत्येक कडेला किमान ०.४ मिमी गोलाई द्या.

आता दात्यांचं माप. ओतकामाला प्रत्येक बाजूला दीड अंश उतार लागतो. १८ मिमी उंचीवर तो एका बाजूला ०.४७ मिमी होतो. टोक १.६ धरलं तर बूड २.५४. मध्य ते मध्य ५.५ मिमी ठेवलंत तर बुडाशी जवळपास ३ मिमी जागा उरते. तिथे दोन्हीकडून १.२ ची गोलाई द्या. खाली सपाट असा जेमतेम ०.६ मिमीचा पट्टा राहतो, म्हणजे सरळ यू आकाराची पन्हळ. कोपराच नाही, मग किटण धरणार कुठे? फडक्याची घडी किंवा ब्रशची काडी तळाला टेकते.

आणि तिरप्या ओळी सोडा. दिसायला छान, पण साफ करताना हात सरळ ओढता येत नाही. ओळी मुठीपासून टोकाकडे सरळ, आणि प्रत्येक पन्हळ टोकाला उघडी. कचरा ढकलून बाहेर पडायला दार हवं.

दात्यांची संख्या कमी होईल, उष्णता कमी पोचेल, अशी शंका येईल. येईलच. त्यासाठी दाता गोल न ठेवता पात्यासारखा लांबट करा, लांबट बाजू पन्हळीच्या दिशेने: १.६ × ५ मिमी. केसांना टेकणारं क्षेत्रफळ भरून निघतं आणि पन्हळही मोकळी राहते.

साच्याची जोडरेषा पाटीच्या बाहेरच्या कडेवर ठेवायला सांगा, दात्यांवर अजिबात नको. दात्यावर ०.१ मिमीचा फ्लॅश (जोडरेषेवर उरणारा धातूचा पापुद्रा) राहिला तरी तो केस धरतो.

---

गळतीप्रवाह

साचाघर यांनी दात्यांचं सांगितलं, मी फटीचं सांगतो. सगळ्यात जास्त बिघाड तिथे आहे.

अॅल्युमिनियमची ११० मिमी पाटी २५ वरून १८५ अंशांवर गेली की सुमारे ०.४ मिमी वाढते. चौकट मागाहून तापते, म्हणून तेवढी जागा सोडावीच लागते. आणि माणसाचा केस ०.०५ ते ०.१ मिमी जाड. म्हणजे पाटीसाठी सोडलेली जागा केस शिरून अडकायला अगदी बेतलेली! फट एक तर केसापेक्षा बारीक हवी, नाहीतर काडी फिरेल इतकी, २ मिमीच्या वर. मधलं माप म्हणजे पिंजरा.

बारीक तर करता येत नाही. मग फटीचं तोंड फिरवा. चौकटीची कड पाटीवर १.५ ते २ मिमी चढू द्या, म्हणजे फट वरून उघडी न राहता आडवी जाते, आणि त्या आडव्या जागेत ओठासारखी पातळ पट्टी दाबून बसवा. रसायनी यांचा आक्षेप इथेही लागू आहे, म्हणून साधं सिलिकॉन नको. फ्लुरोसिलिकॉन (सिलिकॉन तेलात फारसं न फुगणारा प्रकार) महाग असलं तरी इथे ते दोन-तीन ग्रॅमच लागतं. पाटी मुठीकडच्या टोकाला पक्की करा आणि वाढ सगळी पुढच्या टोकाकडे जाऊ द्या, तिथे आत २ मिमीची मोकळी जागा ठेवून.

या पट्टीचा संबंध केवळ स्वच्छतेशी नाही. फटीतून केस, तेल आणि पुसताना गेलेलं पाणी हीटरच्या जोडण्यांपर्यंत पोचतं. म्हणून आतला भाग प्रदूषण श्रेणी ३ चा (वीज वाहू शकेल असा मळ आणि ओल साठणारा) धरा. २३० व्होल्टला दुहेरी तोडीच्या निरोधनासाठी (वीज बाहेर येऊ न देणाऱ्या आवरणासाठी) पृष्ठभागावरून ८ मिमी अंतर लागतं. बऱ्याच स्वस्त रचना श्रेणी २ धरून ५ वर थांबतात. आयएस ३०२ (भाग २, विभाग २३) हे केस आणि त्वचेच्या उपकरणांचं मानक, ते समोर ठेवूनच आराखडा करा. ३००० व्होल्टची एक मिनिटाची चाचणी नव्या नमुन्यावर होतेच. ती मळवून, पुसून झालेल्या नमुन्यावरही करा.

(अ) बद्दल: मेनवर चालणारं डोकं नळाखाली धुवायचं हा विचार सोडून द्या. सुट्या डोक्यात हीटर असेल तर जोडणीचे पिन आले, त्यांच्यात ओल आली. न वाळवता लावलं की काय होईल ते सांगायला नको. या किमतीत ते नीट होणार नाही.

---

केशभूषा_कोथरूड

तुमच्या सगळ्या मापांत एक गोष्ट राहिली: साफ करायला लागणारा वेळ. पार्लरमध्ये दोन गिऱ्हाइकांच्या मध्ये एक मिनिट मिळतं. घरी तेवढंही कोणी देत नाही. स्क्रू काढायला लागणारा किंवा खास ब्रश शोधायला लागणारा कुठलाही प्रकार पहिल्या आठवड्यानंतर बंद पडतो. साफ करायचं साधन ब्रशलाच जोडलेलं हवं.

दुसरं, ब्रश गरम असतानाच स्पिरिट लावून पुसणाऱ्या मुली आहेत, कारण गरम असताना मळ मऊ असतो. तसं करू नका म्हणून पुस्तिकेत छापून कोणी वाचत नाही.

बटणांच्या खाचांतही तेल जातं. सरकवायचं बटण तर नकोच.

---

रसायनी

स्पिरिटचा मुद्दा गंभीर आहे. आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या ७० टक्के द्रावणाचाही फ्लॅश पॉइंट (ज्या तापमानाला वाफ पेट घेऊ शकते ते) आपल्याकडच्या खोलीच्या तापमानाखाली असतो. १८० अंशांच्या पाटीवर ते लावायचं म्हणजे वाफेचा ढगच. मुलींचं निरीक्षण मात्र बरोबर आहे: कोमट असताना मळ लवकर निघतो. मग त्याचाच उपयोग करा. बंद केल्यावर पाटी ४५ अंशांच्या खाली आली की हिरवा दिवा लागू द्या: आता पुसा. थर्मिस्टर (तापमान मोजणारा घटक) आहेच, फक्त नियंत्रकात दोन ओळी वाढवायच्या. प्लग काढल्यावर दिवा कसा लागेल असं विचाराल, तर बंद बटण दाबल्यावर प्लग तसाच ठेवायचा आणि दिवा लागला की काढून पुसायचं, असा क्रम ठेवा.

पुसायला भांड्यांच्या साबणाचा एक थेंब, अर्धी वाटी कोमट पाणी, फडकं घट्ट पिळून. सीरमचा थर स्पिरिटपेक्षा साबणाने चांगला सुटतो. तारेची घासणी लेपाला लावायची नाही.

---

रेखाचित्र

खूप उपयोग झाला. (क) गेला, (अ) गेला. (ब) बद्दल कोणीच बोललं नाही. आणि पाटीऐवजी गोल नळी ठेवून तिच्यावर थंड झाल्यावर काढून धुता येणारी दातेरी बाही चढवली तर? हीटर मुठीला जोडलेल्या नळीतच राहील, फक्त बाही निघेल.

---

साचाघर

(ब) संगणकावरच्या चित्रात सुरेख दिसतो. जाळीच्या प्रत्येक भोकात दात्याभोवती ०.३ मिमी जागा ठेवावी लागते, आणि वर त्या फटीचं सांगून झालंय. तुम्ही एका फटीच्या जागी शंभर फटी करताय. शिवाय पत्र्याच्या खालची बाजू कधीच पुसली जात नाही. थंड, तारेच्या दात्यांना तो चालतो, कारण तिथे तेल भाजत नाही.

त्यापेक्षा प्रवासाच्या झाकणातच फणी ओता. झाकण पॉलिप्रॉपिलीनचं, आतल्या कडेला २.६ मिमी रुंद, गोल टोकाच्या बोटांची एक रांग, तुमच्या पन्हळीच्या मापाची. उलटं धरून एकदा मुठीकडून टोकाकडे ओढलं की केसांची जटा अखंड निघते. ब्रश गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही एवढं त्याच्यावरच ठळक उठवा, पॉलिप्रॉपिलीन १६० अंशांच्या आसपास वितळतं.

---

गळतीप्रवाह

बाहीची कल्पना चांगली आहे, पण तिची किंमत मोजून घ्या. नळी ३२ मिमी व्यासाची आणि १०० मिमी लांब धरली तर बाहेरचं क्षेत्रफळ साधारण ०.०१ चौरस मीटर. केसांना ४० वॉट पोचवायचे तर नळी आणि बाही यांच्यातल्या ०.१ मिमी हवेच्या थरावर सुमारे १२ अंश हरवतात, ०.३ मिमी असेल तर ३७. म्हणजे थर्मिस्टर १८५ दाखवतोय आणि केसांना १५० च मिळतायत. घट्ट बसवली तर सीरम आत झिरपून बाही चिकटून बसते.

तोड एकच: दोन्ही भागांना टोकाकडे निमुळता एक अंशाचा उतार. बसवताना शेवटच्या मिलिमीटरात घट्ट होते, काढताना थोडी हलली की सगळी सैल. अर्धा वळसा फिरवून अडकणारी खटकी द्या, आणि बाही नसेल तर हीटर चालू होणार नाही असा छोटा स्विच.

बाही अॅल्युमिनियमची आणि तिच्यावरचे दाते नायलॉनचे केलेत तर दात्यांची भोकं आतून बंद ठेवा, नाहीतर पाणी तिथून नळीवर येईल.

आणखी एक, कारण जाहिरातीत उलटंच लिहिलेलं असतं. किटणाने ब्रश कमी तापतो हे खरं नाही. ०.१ मिमीच्या थराने फार तर दोन-तीन अंशांचा फरक पडतो. त्रास घर्षणाचा आहे: केस ओढले जातात, तुटतात, म्हणून माणूस तापमान वाढवतो आणि तेल आणखी भाजतं.

---

रेखाचित्र

ठरलं. पाटीचाच नमुना नव्या मापांनी करतो: सरळ पन्हळी, चढती कड, पीपीएस टोप्या, झाकणात फणी. बाही पुढच्या टप्प्यावर. साफ होतोय की नाही हे मोजायचं कसं?

---

रसायनी

वजनाने. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा घ्या. कोरड्या ब्रशची दातेरी पाटी चौकटीसकट काढून तोला. एक ग्रॅम बदाम तेल, अर्धा ग्रॅम सीरम आणि कात्रीने कापलेले १५ सेंमीचे दोन ग्रॅम केस लावा. तेल घेताना बाटलीवरची घटकांची यादी वाचा. 'बदाम' म्हणून मिळणाऱ्या पुष्कळ केशतेलांत खनिज तेलच जास्त असतं, आणि त्याचं वार्निश होत नाही. स्वयंपाकाचं शुद्ध तेल चालेल. १८५ अंशांवर अर्धा तास तापवून गार करा, असं पाच वेळा. मग आधी न शिकवलेल्या माणसाच्या हातात झाकण आणि ओलं फडकं द्या, दोन मिनिटं घड्याळ लावून. पूर्ण वाळवून परत तोला. जुना नमुनाही शेजारी ठेवून हेच करा, नुसत्या नव्याच्या आकड्यावरून काही कळत नाही.