ब्लोअर जोडला की ट्रॅक्टर काळा धूर ओकतो, बोअरकाम करावंच लागेल का?

निफाडची_बाग
नमस्कार मंडळी. 27 एचपीचा तीन सिलिंडरचा छोटा ट्रॅक्टर आहे, सेकंडहँड घेतलेला. मीटर 3,100 तास दाखवतं. ओळी नऊ फुटी, मोठा ट्रॅक्टर बागेत शिरत नाही. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी झालीय, डाऊनी बुरशीवरच्या फवारण्या चालू आहेत. 600 लिटरचा ब्लोअर (औषध फवारायचं पंखेवालं यंत्र) भरून पीटीओ (मागचं यंत्र फिरवणारा ट्रॅक्टरचा दांडा) टाकला की काळाकुट्ट धूर. चढाला इंजिन दबतं, टेम्परेचरचा काटा लालकडे सरकतो. रिकामा रस्त्यावर मात्र मस्त पळतो. गॅरेजवाला म्हणतो पिस्टनच्या रिंगा गेल्या, बोअरकाम (इंजिन खोलून सिलिंडर-पिस्टनची दुरुस्ती) करा, पन्नास हजारांच्या घरात जाईल. ऐन फवारणीत ट्रॅक्टर उभा कसा करू?

सांगलीचा_गडी
जुन्यावर पैसे घालू नको भावा. हप्त्यावर नवीन फोर बाय फोर काढ, मोकळा हो.

पंपनोझल_काका
हप्ता तू भरणार आहेस का त्याचा? असो.

निफाडकर, रिंगा गेल्या तर धूर निळसर येतो, ऑइल कमी होतं आणि इंजिनातली वाफ बाहेर सोडणाऱ्या ब्रीदरच्या नळीतून भकाभका वाफ निघते. तुमचा धूर काळा आहे. काळा म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. एक किलो डिझेल पूर्ण जळायला साधारण 14.5 किलो हवा लागते, म्हणजे बारा हजार लिटर धरा. एवढी हवा ओढायची तर वाट मोकळी पाहिजे. रिकामं चालताना गव्हर्नर (लोडप्रमाणे डिझेल कमी-जास्त करणारा भाग) डिझेल थोडंच सोडतो, म्हणून तेव्हा काही कळत नाही. ब्लोअरचा लोड आला की तो डिझेल वाढवतो, हवा मात्र तेवढीच राहते.

एअर क्लीनर ऑइल बाथचा (ऑइलमध्ये धूळ अडकवणारा) असेल तर खालची वाटी काढा. सल्फरची पावडर आणि धूळ बसून ऑइलचा चिखल झालेला असतो. वाटी धुवा, ऑइल खुणेपर्यंतच भरा. जास्त भरलं तर इंजिन ते ओढून घेतं. मग रेडिएटरची जाळी. बागेतला पाला आणि औषधाचा थर तिथेच चिकटतो. पाणी आतून, पंख्याच्या बाजूने मारा. समोरून मारलं तर घाण आणखी आत बसते. पंख्याचा पट्टाही दाबून बघा.

ब्रीदर, ऑइलची पातळी आणि सकाळचं स्टार्टिंग कसं आहे ते लिहा. तोवर हेड खोलू देऊ नका.

चाकणचा_पिकअपवाला
काका, मध्येच विचारतो. माझ्या बीएस-6 पिकअपलाही हाच उपाय चालेल का? डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) दिवा सारखा लागतोय.

पंपनोझल_काका
नाही हो, तुमचं दुखणं वेगळं. एप्रिल 2020 नंतरच्या पिकअपचा डिझेल पंप कॉम्प्युटर चालवतो. गाव ते मार्केट अशा छोट्या फेऱ्यांत डीपीएफ पुरेसा तापत नाही, काजळी साठते. हायवेवर न थांबता अर्धा तास दमदार पळवा. दिवा गेला नाही तर स्कॅनर लावून घ्या. निफाडकरांच्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरला हे लचांड नाही. जानेवारी 2023 पासूनचे कडक नियम 50 एचपीच्या वरच्यांनाच लागू झाले. निफाडकरांचा पंप अजून स्प्रिंग आणि स्क्रूवरच चालतो, पान्याने सुटतो. तेच सुखाचं, तेच धोक्याचं.

निफाडची_बाग
काका, वाटीत खरंच चिखल होता! जाळीही धुतली. काटा आता मधेच राहतो. ब्रीदर शांत, ऑइल जागेवर, सकाळी पहिल्या सेल्फला चालू. धूर कमी झालाय, पण चढाला अजून येतोच.

पंपनोझल_काका
मग रिंगा ठणठणीत आहेत, पन्नास हजार खिशातच ठेवा. आता पंपाकडे बघा. डिझेलच्या मॅक्झिमम स्क्रूवर तार आणि शिशाचं सील असतं. ते जागेवर आहे का?

निफाडची_बाग
तार तुटलीय. सील नाही.

पंपनोझल_काका
वाटलंच. आधीच्या कोणीतरी जोर वाढवायला स्क्रू फिरवलाय. त्याने जोर थोडा वाढतो, बाकीचं डिझेल धूर आणि उष्णता होऊन जातं, पिस्टन भाजतो. स्वतः उलटा फिरवत बसू नका, तिन्ही सिलिंडरना सारखं डिझेल जातंय की नाही ते कानाने कळत नाही. पंप आणि तिन्ही सिलिंडरचे नोझल टेस्ट बेंचवर लावून कंपनीच्या तक्त्याप्रमाणे सेट करून घ्या. तोवर चढाला एक गिअर खाली घ्या, पण पीटीओ मिनिटाला 540 फेऱ्यांवरच ठेवा. इंजिन दबलं की पंखाही मंदावतो आणि गरम होतं.

एक लक्षात ठेवा. पंप उतरवायच्या आधी बॉडी आणि प्लेटवरची टायमिंगची खूण मोबाईलवर फोटो काढून ठेवा. बसवणारा घाईत असला की तिथेच चुकतो, आणि मग पांढरा धूर घेऊन परत इथेच याल.