मेकॉले पितापुत्र: गुलामांचा कैवारी आणि टिपणाचा कर्ता एकाच घरातले कसे?

मूळ लेख
झॅकरी मेकॉले कोवळ्या वयात जमैकातील उसाच्या मळ्यावर नोकरीला लागला आणि गुलामगिरी जवळून पाहून पुढे तिचा कट्टर विरोधक झाला. १७९५ मध्ये तो मुद्दाम गुलामांच्या जहाजातून बार्बाडोसला गेला आणि खलाशांना वाचता येऊ नये म्हणून ग्रीक लिपीत टिपणे काढत राहिला. त्याचाच मुलगा थॉमस १८३५ मध्ये भारतातील शिक्षणावरच्या आपल्या प्रसिद्ध टिपणात भारत आणि अरबस्तानचे सारे वाङ्मय चांगल्या युरोपीय ग्रंथालयातील एका फळीच्याही मोलाचे मानत नाही. मला यात विसंगती दिसत नाही. १७९९ मध्ये झॅकरीने आफ्रिकी मुले शिकवण्यासाठी लंडनजवळच्या क्लॅपमला, म्हणजे त्याच्या धर्मनिष्ठ, गुलामगिरीविरोधी मंडळींच्या वस्तीत, आणली, त्यात करुणा होतीच. पण शिकवणार कोण आणि शिकणार कोण, हे आधीच ठरलेले होते.

प्रतिसाद १
आपण घराला नको तितके श्रेय देत आहात. वडिलांची धर्मनिष्ठा थॉमसने उचललीच नाही. त्याच्या मतांमागे जेम्स मिल या ब्रिटिश विचारवंताचा १८१७ चा भारताचा इतिहास अधिक आहे, आणि तो लिहिणाऱ्याने भारत पाहिलेलाही नव्हता! शिवाय संस्कृत पाठशाळेऐवजी पाश्चात्त्य विज्ञान शिकवा, असे पत्र राममोहन रॉय यांनी १८२३ मध्येच लिहिले होते. त्यांना कोणत्या क्लॅपमने घडवले?

मूळ लेखकाचे उत्तर
मिलचा मुद्दा मान्य. त्याच्या राजकीय सिद्धांतावर तुटून पडणाऱ्या थॉमसने त्याच्या इतिहासाची मात्र वाखाणणी केली. परंतु १८३३ मध्ये गुलामांना मुक्त करूनही बारा वर्षे मालकाकडे राबवण्याची तरतूद सरकारने आणली, तेव्हा वडिलांचा तिला विरोध आहे म्हणून थॉमसने आपल्या सरकारी पदाचा राजीनामा पुढे केला, हे कसे विसरायचे? त्याच वर्षीच्या, ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभाराविषयीच्या सनदी कायद्यातील, वर्ण वा धर्मामुळे कोणालाही पद नाकारू नये, या कलमाचाही त्याने हिरिरीने पुरस्कार केला. म्हणजे रंग आड येत नव्हता. आपली विद्या सोडून इंग्रजांची घेण्याची अट मात्र आड येत होती, आणि ती अट मला क्लॅपमचीच वाटते.

प्रतिसाद २
मग मेहुण्याचे काय? चार्ल्स ट्रेव्हेल्यनने १८३४ मध्ये थॉमसच्या बहिणीशी कलकत्त्यात लग्न केले; इंग्रजी शिक्षणाचा तोही खंदा पुरस्कर्ता. पुढे लंडनच्या कोषागारात बसून आयर्लंडच्या दुष्काळातील मदतीची सूत्रे हाताळताना त्याने त्या आपत्तीत ईश्वरी योजना पाहिली. आयरिश लोक गोरे होते, ख्रिस्ती होते, इंग्रजांच्या दाराशीच राहत होते. तेव्हा वंशभेदाचा शब्द इथे अपुरा पडतो, हे आपले म्हणणे मला पटते. पण हा मेहुणा त्या घरात लग्नानंतर आला, आणि त्याची मते तोवर पक्की झालेली होती.