जुन्या घराचे छोटे रुग्णालय करताना राजांगण झाकावे का?

डिचोलीची डॉक्टर

सर्वांना सप्रेम नमस्कार. मी फिजिशियन असून डिचोली तालुक्यात गेली अकरा वर्षे भाड्याच्या जागेत दवाखाना चालवते. आमचे वडिलोपार्जित घर आता रिकामे झाले आहे. चिऱ्याच्या जाड भिंती, मंगळुरी कौले, पुढे सोपा आणि मधोमध तुळशीवृंदावन असलेले राजांगण म्हणजे उघडा चौक, असे ते घर आहे. तिथे ओपीडी आणि सहा खाटांचे डे-केअर सुरू करण्याचा माझा विचार आहे. कंत्राटदाराचे म्हणणे असे की राजांगणावर पत्रे घालून तिथे वेटिंग हॉल करावा, सोपा काचांनी बंद करावा, सगळीकडे फॉल्स सीलिंग व एसी बसवावेत आणि खाली पांढऱ्या चकचकीत फरशा घालाव्यात, म्हणजे जागा हॉस्पिटलसारखी दिसेल.

मला नेमकी त्याचीच भीती वाटते. सध्याच्या दवाखान्यात माणसे अरुंद बोळात भिंतीकडे तोंड करून बाकावर बसतात. मागच्या महिन्यात एका आजींचा रक्तदाब तपासला तेव्हा वरचा आकडा 168 होता. त्यांना मागच्या पडवीत फणसाच्या झाडासमोर पंधरा मिनिटे बसवले आणि पुन्हा मोजला, तर तो 146 भरला. औषध काहीच दिले नव्हते. रक्तदाब शांत बसवून मोजावा हे आम्हाला शिकवलेलेच असते, पण शांत बसायला जागाच दिली नाही तर रुग्णाने काय करावे? राजांगण उघडे ठेवले तर पावसाळ्यात कसे निभावेल आणि खर्च कुठे करावा, कुठे टाळावा, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

फोंड्याचा वास्तुरचनाकार

डॉक्टर, नमस्कार. राजांगण झाकू नका. रुग्णालय बांधताना जे मुद्दाम निर्माण करावे लागते, ते आपल्या घरात आयते आहे.

अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या एका रुग्णालयात 1972 ते 1981 या काळात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या 46 रुग्णांच्या नोंदी रॉजर उलरिक यांनी तपासल्या आणि 1984 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्या रुग्णांपेक्षा थोडे लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकेही कमी लागली. अभ्यास लहान, एकाच रुग्णालयाचा आणि एकाच शस्त्रक्रियेचा आहे, त्यामुळे त्यावर मोठे दावे उभारू नयेत. तरीही आपल्या आजींच्या बाबतीत जे घडले ते याच अंगाने जाणारे आहे. मूळ गोव्याचे असलेले वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया, ज्यांची पणजीतली कला अकादमी आपण सर्वांनी पाहिली आहे, त्यांनी लिस्बन येथे 2010 मध्ये पूर्ण झालेल्या शांपालिमो केंद्रात कर्करोगाचे उपचार घेणाऱ्यांना बाग दिसेल अशी रचना केली. आपल्याकडे ती बाग घरातच आहे.

दुसरा मुद्दा हवेचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2009 च्या मार्गदर्शिकेनुसार नैसर्गिक वायुवीजनावर चालणाऱ्या सर्वसाधारण वॉर्डात आणि ओपीडीत दर रुग्णामागे सेकंदाला सरासरी 60 लिटर हवा खेळती असावी. साधा स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, खोलीतलीच हवा थंड करून पुन्हा फिरवतो. खोकणारी दहा माणसे बंद हॉलमध्ये बसवून एसी लावला तर क्षयाचे आणि फ्लूचे जंतू सगळ्यांच्या वाट्याला येतात. उघड्या राजांगणातून गरम हवा वर निघून जाते आणि सोप्यातून ताजी हवा आत येते. जुन्या गवंड्यांना हे ठाऊक होते. वेटिंग हॉल वेगळा काढूच नका. सोपा आणि राजांगणाभोवतीची पडवी हीच बसण्याची जागा ठेवा, एसी फक्त तपासणीच्या खोलीत आणि औषधांच्या साठ्याजवळ लावा.

पावसाची चिंता रास्त आहे. कौलांची पाख दोन-अडीच फूट पुढे काढा, पागोळ्यांखाली रुंद पन्हळ लावा आणि राजांगणातल्या पाण्याला दोन स्वतंत्र वाटा ठेवा, म्हणजे पालापाचोळ्याने एक तुंबली तरी दुसरी चालू राहील. पाणी साचू देणारे कारंजे किंवा कमळाची टाकी मात्र ठेवू नका, डेंगीचे डास आपल्याच रुग्णांना चावतील. चकचकीत फरशीवर ओल्या चपलांनी माणूस घसरतो, शिवाय मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्यांना तिच्यावरचे प्रतिबिंब पाण्यासारखे भासते. खरखरीत पृष्ठभागाची, फिकट मातकट रंगाची फरशी घ्या. चाकाच्या खुर्चीसाठी उतार 1:12 पेक्षा तीव्र नसावा, म्हणजे जोते 60 सेंटिमीटर असेल तर 7.2 मीटर लांबीची जागा लागेल. ती आताच आखा, कारण नंतर तुळस आणि विहीर आड येतात. फॉल्स सीलिंगमध्ये आपल्या दमट हवेत बुरशी धरते आणि उंदीर घर करतात. भिंतींना सर्वत्र फिकट हिरवा रंग द्यावा, डोळ्यांना थंड वाटतो.

म्हापशाची निवृत्त परिचारिका

डॉक्टरबाई, तेहतीस वर्षे वॉर्डात काढल्यानंतर चार शब्द लिहिण्याचे धाडस करते. आधी वास्तुरचनाकारांच्या शेवटच्या वाक्याला माझी हरकत नोंदवते. जिथे रुग्ण तपासायचा तिथे हिरवा किंवा निळा रंग नको आणि पिवळट दिवाही नको. हिरव्या भिंतीची छटा कातडीवर पडते, आणि पिवळ्या उजेडात कावीळ लपते. डोळ्यांचा पिवळेपणा मला दिव्याखाली न दिसता खिडकीशी नेल्यावर दिसला, असे एकदा नव्हे अनेकदा झाले आहे. तिथे पांढऱ्याच्या जवळचा रंग आणि भरपूर दिवसाचा उजेड असावा. हिरवा रंग बसण्याच्या जागेला खुशाल द्या.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी मी स्वतः ट्रॉलीवर आडवी झाले, तेव्हा इतकी वर्षे न दिसलेली गोष्ट मला दिसली. रुग्णाला भिंती दिसतच नाहीत, छत दिसते. बोळातून नेताना एकामागून एक ट्यूबलाइट डोळ्यांवर येत होती, आणि खाटेवर पडल्यावर दोन दिवस माझ्या नजरेसमोर गळक्या छताचा एक तपकिरी डाग होता, ज्याच्या कडा मला आजही काढून दाखवता येतील. सहा खाटांच्या वर दिवा लावू नका, बाजूच्या भिंतीवर लावा, आणि त्याचे बटण रुग्णाच्या हाताला येईल असे ठेवा.

आवाजाकडे कोणी लक्ष देत नाही. स्टीलचा ट्रे फरशीवर पडणे, ट्रॉलीचे कुरकुरणारे चाक, आपटणारे दार, यांनी सलाईन लावलेला माणूस दर वेळी दचकतो. चाकात तेल घालायला आणि स्टुलांच्या पायांना रबरी टोप्या बसवायला फारसा खर्च येत नाही.

संडासाचे दार बाहेरच्या बाजूने उघडणारे करा. चक्कर येऊन रुग्ण आत पडला की तो दाराशीच पडतो, आणि दार आत उघडणारे असेल तर त्याच्या अंगावर ढकलल्याशिवाय आपल्याला शिरता येत नाही. मी हे दोनदा अनुभवले आहे. कडी बाहेरून उघडता येणारी हवी, घंटेची दोरी जमिनीपासून हाताला लागेल इतकी खालपर्यंत यावी, आणि धरायला दांडी हवी.

केस पेपर काढण्याचे टेबल बसलेल्या माणसांपासून दूर, कोपऱ्यात ठेवा. ‘काय होतंय?’ असे सर्वांसमक्ष विचारल्यावर बाई अंगावरून जाण्याची तक्रार ‘पोटात दुखतं’ असे सांगून मोकळी होते आणि आपण चुकीच्या दिशेने तपासत राहतो. तपासणीच्या टेबलाचे पायथे दाराकडे नको. सोबत आलेल्या माणसाला पाठ टेकता येईल अशी हातांची खुर्ची आणि पेजेचा डबा ठेवायला एक फळी द्या. तुळस असू द्या. तुळशीला हरकत घेणारा रुग्ण, कोणत्याही धर्माचा, मी पाहिलेला नाही.

पेडण्याचा एक नातेवाईक

मी ना डॉक्टर आहे ना वास्तुरचनाकार, परंतु पत्नीच्या कर्करोगाच्या उपचारांसाठी दीड वर्ष रुग्णालयांच्या बोळांत बसलो आहे. आजार उलटल्याचे आम्हाला एका बोळात उभ्याने सांगण्यात आले, तेव्हा शेजारून जेवणाची गाडी जात होती आणि आम्ही दोघे वाट देण्यासाठी भिंतीला चिकटून उभे राहिलो. ती रडली नाही, कारण रडायला जागा नव्हती.

मुलगी एडिनबरोला असते, म्हणून पुढे तिथले मॅगीज केंद्र, म्हणजे कर्करुग्णांना आणि त्यांच्या माणसांना आधार देणारी जागा, पाहता आले. मॅगी केझ्विक जेंक्स यांनाही कर्करोग परतल्याचे कळल्यावर खिडकी नसलेल्या बोळात बसावे लागले होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1996 मध्ये त्यांच्या कल्पनेतले हे पहिले केंद्र उघडले. आत शिरताच स्वयंपाकघरातले मोठे टेबल लागते आणि चहा स्वतः करून घेता येतो. डॉक्टर, आपल्या घरात अशी एक लहान खोली ठेवा, जिच्यात तीन खुर्च्या, पाण्याचा तांब्या आणि आतून लावता येणारे दार असेल, आणि जिला दुसरीकडे बाहेर पडायला वाट असेल, म्हणजे रडवेल्या चेहऱ्याने सगळ्या रांगेसमोरून जावे लागणार नाही.

फोंड्याचा वास्तुरचनाकार

रंगाबाबत बाईंचे म्हणणे पूर्णपणे मान्य आहे, माझी चूक झाली. छताबद्दल त्यांनी लिहिले ते वाचून फिनलंडमधील पायमिओ येथील क्षयरोग्यांच्या रुग्णालयाची आठवण झाली. 1933 मध्ये पूर्ण झालेल्या त्या इमारतीत आल्वार आल्टो यांनी पडून राहणाऱ्या माणसाचा विचार करून छताला भिंतींपेक्षा गडद रंग दिला, दिवे नजरेत येणार नाहीत असे लावले, आणि शेजारच्या रुग्णाची झोपमोड होऊ नये म्हणून पाण्याचा आवाज न करणारे बेसिन घडवले.

डिचोलीची डॉक्टर

सर्वांचे मनापासून आभार. काल संध्याकाळी चटई घेऊन घरी गेले आणि नकाशात जिथे जिथे खाटा दाखवल्या आहेत त्या सहाही जागी आडवी होऊन पाहिले. चार जागांवरून राजांगण आणि तुळस दिसते. उरलेल्या दोन उत्तरेच्या खोलीत आहेत आणि तिथून फक्त चुन्याची भिंत दिसते. त्या भिंतीपलीकडे न्हाणीघराजवळची केळ आहे. पत्रे, काचा आणि फॉल्स सीलिंग रद्द केल्याचे कंत्राटदाराला आज सांगितले. देवघराशेजारची कोठीची खोली बोलण्यासाठी ठेवत आहे, तिला परसात उघडणारे दार आधीपासून आहे.

वास्तुरचनाकारांना एकच विचारायचे आहे: उत्तरेची भिंत दोन फूट जाडीची चिऱ्याची आहे आणि तिच्यावर वाशांचा भार आहे. तिच्यात खाटेवरून केळ दिसेल इतक्या खाली, जमिनीपासून साधारण दोन फुटांवर, चार फूट रुंद खिडकी पाडता येईल का, आणि पाडायची झाल्यास पावसाआधी काम उरकेल का?