वस्तूलाच आपण 'आठवण' म्हणतो

जुन्या दिवसांची हुरहूर जागवणाऱ्या वस्तूंना एक शब्द हवा, असं एकाने विचारलंय. 'स्मरणरंजक' हा शब्द कुणीतरी सुचवला आहे, पण तो मला पटत नाही. स्मरणरंजनात आठवणींत रमण्याचं सुख आहे, कळ नाही. उलट या हुरहुरीसाठीचा 'नॉस्टॅल्जिया' हा शब्द १६८८ साली योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने स्वित्झर्लंडमधल्या बाझेलला घडवला, तो घराच्या ओढीने आजारी पडणाऱ्यांसाठी. ग्रीकमध्ये 'नोस्तोस' म्हणजे घरी परतणं, 'आल्गोस' म्हणजे वेदना.

संस्कृत रसचर्चेत भाव चेतवणाऱ्या गोष्टींना 'उद्दीपन विभाव' म्हणतात. अर्थाने अगदी चपखल, पण बोलताना कोण वापरणार? शकुंतलेच्या अंगठीमुळे 'अभिज्ञान' आपल्या ओळखीचा आहे, पण त्यात ओळख पटण्यावर भर आहे. 'स्मरणिका' तर संमेलनांनी कधीच घेऊन टाकली.

माझ्याकडे आजीचा पितळी डबा आहे. झाकणावर ठिपक्याठिपक्यांनी तिचं नाव आणि लग्नाची तारीख घातलेली, घासून घासून शेवटचा आकडा पुसट झालेला. झाकण उघडलं की आत अजून मेथीच्या लाडवांचा वास येतो, निदान मला तरी येतो. घरात कुणी विचारलं तर आम्ही एवढंच म्हणतो, "ती आजीची आठवण आहे." आठवण मनातली आणि हातातली, दोन्हींना मराठीत हा एकच शब्द चालतो. मला तरी नवा शब्द घडवायची गरज वाटत नाही. अनेक वस्तूंबद्दल एकत्र बोलायचं असेल, तर 'आठवणखुणा' म्हणावं.