उन्हाळ्यात गोल्डफिश पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो आहे

प्रश्न (होटगी रोड, सोलापूर):
नमस्कार. नळाला पाणी आले त्या दिवशी टाकीतले निम्मे पाणी बदलले. तेव्हापासून गोल्डफिश पर मिटून, तोंड पृष्ठभागाशी लावून कोपऱ्यात थांबतो आणि दाणा तोंडात घेऊन पुन्हा बाहेर टाकतो. अंगावर पांढरे ठिपके नाहीत. औषध घालावे का?

प्रतिसाद १:
एवढ्यात औषध नको. नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना इजा करते, त्यामुळे ताजे पाणी थेट ओतले असेल तर पहिला संशय त्यावरच घ्यावा. मत्स्यालयाच्या दुकानात मिळणारे क्लोरीननाशक बाटलीवरील प्रमाणात आजच घाला, आणि यापुढे एका वेळी चौथा हिस्साच बदला. आज खाणे देऊ नका. उरलेले दाणे कुजून अमोनिया वाढतो. फिल्टरचा स्पंज मात्र नळाखाली धुऊ नये, कारण अमोनिया पचवणारे जिवाणू त्यातच असतात.

प्रतिसाद २:
वरील सल्ला योग्यच आहे, पण आपल्याकडचा मे महिना विसरू नका. २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच, आणि गोल्डफिश तर थंड पाण्यातला मासा. टाकीत बर्फ टाकू नका. तापमान एकदम उतरल्यास ताण वाढतो. झाकण काढून जाळी लावा व पंख्याचा वारा पृष्ठभागावर सोडा.

प्रश्नकर्ता:
आभार. पाणी ३२ अंश आहे. आवाजामुळे हवेचा पंप रात्री बंद ठेवतो.

प्रतिसाद २:
तो रात्री तरी बंद करू नका. अंधारात पाणवनस्पतीही प्राणवायू वापरतात. पंपाखाली स्पंजचा तुकडा ठेवल्यास घरघर बरीच कमी होते.