येत्या रविवारी मला लाजराची गोष्ट शिकवायची आहे

नगरची_लेक
सर्वांना सलाम.

मी मूळची नगरची, लग्नानंतर पिंपरीत. आमच्या घरी चार पिढ्यांचा विश्वास. रात्री आठला जेवणाआधी प्रार्थना, मग पाहुणे असोत की परीक्षा असो. मंडळीत नऊ वर्षं मी शब्बाथशाळेत लहान मुलांचा वर्ग घेते.

सप्टेंबरात माझा धाकटा भाऊ डेंग्यूने गेला. सत्तावीस वर्षांचा. अकरा दिवस दवाखान्यात होता. मंडळीतल्या चौदा जणांनी रक्त दिलं, आईने तीन दिवस उपास-प्रार्थना केली. दफनविधीनंतर भेटायला आलेल्या एकांनी आईसमोर म्हटलं, "कुठेतरी विश्वास कमी पडला असेल." आई काही बोलली नाही. उठून चहा ठेवायला गेली.

तेव्हापासून माझ्याच्याने प्रार्थना होत नाही. डोळे मिटले की त्याच्या बेडजवळच्या मशीनचा आवाज ऐकू येतो. उपासनेत उभी राहते, गीताचं पुस्तक उघडते, पण तोंड उघडत नाही. गेल्या महिन्यात प्रभुभोजनाच्या वेळी, येशूच्या आठवणीतली भाकर हातात घेतली आणि वाटलं, मी खोटं बोलतेय. देव नाहीच असं मला म्हणवत नाही, पण तो ऐकतो असंही म्हणवत नाही.

आता येत्या रविवारचा पाठ आहे योहानाच्या शुभवर्तमानाचा अकरावा अध्याय, लाजर. दोन बहिणींचा मेलेला भाऊ येशूच्या हाकेने कबरेतून उठून बाहेर येतो. पंधरा लहान मुलांसमोर हे कसं शिकवू? वर्ग सोडावा का? आणि अशा मनाने प्रभुभोजन घ्यावं का? कृपया "विश्वास ठेव, सगळं ठीक होईल" असं लिहू नका. ते रोज ऐकते.

निवृत्त_बाई
अगं बाळा, तुझ्या आईच्या चहावर मी थांबले. पुढचं वाचायला वेळ लागला.

माझे मालक गेले तेव्हा मी बावन्न वर्षांची होते. आठ महिने मी प्रार्थनेला बसायचे आणि रागाने उठायचे. सासूबाई तेव्हा होत्या. एका रात्री म्हणाल्या, "तू नको म्हणूस काही. नुसती बाजूला बस. तुझ्या वाटचं आम्ही म्हणतो." मी बसायचे. भाजी निवडत बसायचे कधीकधी. त्यांनी मला एकदाही टोकलं नाही.

त्या दिवसांत मला बायबलमधलं ८८वं स्तोत्र सापडलं. बाकीची विलापाची स्तोत्रं रडत सुरू होतात आणि बहुतेक शेवटाकडे स्तुतीला वळतात. हे वळत नाही. काळोखात सुरू होतं, काळोखातच संपतं. तरी कोणी ते पुस्तकातून काढून टाकलं नाही. आणि बघ, तो माणूस हे सगळं देवालाच सांगतोय. सुरुवातीला मी ते मोठ्याने वाचत असे, दार लावून. माझी प्रार्थना तेवढीच होती.

आता तुझा पाठ. पुन्हा वाच, पण लाजराच्या बाजूने नको, बहिणींच्या बाजूने वाच. मार्था येशूला गावाबाहेर गाठते आणि म्हणते, तुम्ही इथे असता तर माझा भाऊ मेला नसता. मग मरीया येते, तीही हेच म्हणते. दोघींनी आधीच निरोप पाठवला होता, तरी तो दोन दिवस उशिरा निघाला होता. भाऊ चार दिवस कबरेत. आणि तो एकीलाही "तुझा विश्वास कमी पडला म्हणून भाऊ गेला" असं म्हणत नाही. तुमच्या घरी आलेल्या माणसाने जे म्हटलं, ते येशूने त्या बहिणींच्या गावी, बेथानीत म्हटलेलं नाही.

तुझ्या भावाला का नाही उठवलं, हे मला सांगता येणार नाही, बाळा. मालक का गेले हेही मला आजवर कळलेलं नाही.

गावाकडचा_पाळक
ताई, प्रभुभोजनाबद्दल लिहितो, कारण या भीतीने दूर राहिलेले लोक मी पाहिले आहेत.

प्रभुभोजन अयोग्य रीतीने खाण्याचा इशारा पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात आहे. तो प्रसंग आधीच्या ओळींपासून वाचा. करिंथात सुखवस्तू लोक आधी येऊन पोटभर जेवत होते आणि गरीब भाऊबंद उपाशी राहत होते. पौलाचा राग त्यावर आहे, शोकात अडकलेल्या बहिणीवर नाही. येशूच्या शेवटच्या भोजनाला, वरच्या माडीतल्या मेजावर, शिष्य पेत्रही होता, काही तासांत येशूची ओळख नाकारणारा. त्यालाही भाकर मिळालीच.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात डोंगरावर अकरा शिष्य नमन करतात आणि त्यांच्यातल्या काहींना संशय येतो. येशू त्यांना बाजूला काढत नाही. पुढची आज्ञा सगळ्यांनाच देतो.

तरी मन घेत नसेल तर एक महिना नुसतं बसा. पाळकसाहेबांना आधी सांगून ठेवा, म्हणजे कोणी कुजबुजणार नाही. वर्ग मात्र एकटीने ओढू नका, सोबतीला कोणी घ्या.

वसईकर
आम्ही कॅथलिक, पण दुःख एकच. मदर तेरेसांची पत्रं २००७ मध्ये प्रसिद्ध झाली, त्यांत कित्येक दशकांच्या आतल्या अंधाराबद्दल लिहिलेलं आहे. मी हादरलो होतो. मग लक्षात आलं, त्या काळातही त्या मरणाऱ्यांच्या उशाशी बसत होत्या.

आपल्या पंडिता रमाबाईंचंही पाहा. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि नंतर इंग्लंडमधल्या सिस्टर जेराल्डीन या जोगिणीशी पत्रांतून सिद्धांतांवर वाद घालत राहिल्या. पटत नाही ते पटत नाही असं स्पष्ट लिहीत. त्याच रमाबाईंनी पुढे केडगावला मुक्ती मिशन उभं केलं आणि बायबल मराठीत आणलं. प्रश्न विचारल्याने त्या बाहेर पडल्या नाहीत.

नगरची_लेक
मावशी, पाळकसाहेब, दादा, आभार.

वर्ग घेतला. शेजारच्या काकू सोबत बसल्या. मार्थाचं वाक्य वाचताना आवाज फुटला, तेव्हा काकूंनी पुढचं वाचलं. एका नऊ वर्षांच्या मुलाने विचारलं, "टीचर, तो उठणार हे येशूला माहीत होतं, मग तो रडला कशाला?" मी म्हटलं, मला नक्की माहीत नाही, पण दोन ओळी वर जा. तिथे मरीया रडतेय. आधी त्याने तिला रडताना पाहिलं. मुलाने बोट ठेवून वाचलं आणि मान हलवली.

लाजर बाहेर येतो तो भाग काकूंनीच सांगितला. मला अजून जमणार नाही.

घरी येऊन आईला मार्थाचं वाक्य वाचून दाखवलं. त्या माणसाच्या बोलण्याबद्दल ती पहिल्यांदा बोलली, रडलीसुद्धा. रात्री आठला तिने प्रार्थना केली, मी बाजूला बसले. प्रभुभोजन दोन आठवड्यांनी आहे. तेव्हाचं तेव्हा.

मावशी, ८८वं दोनदा वाचलं, दार लावून. आता पुढचं कुठलं वाचू?