माठ डोंबिवलीत का रुसतो? (आणि आणखी दोन फुटकळ प्रश्न)

निवृत्त_रोखपाल

मंडळी, एकतीस वर्षं बँकेत कॅश मोजली. हिशेब जुळला नाही की मला झोप लागत नाही. या वेळचा हिशेब पाण्याचा आहे.

मी अकोल्याची. दीड वर्षापूर्वी मुलाकडे डोंबिवलीला राहायला आले. अकोल्याला आमच्या ओसरीवर रांजण असायचा. खाली ओली रेती, वर पितळी झाकण, झाकणावर पालथा पेला. मे महिन्यात पारा ४४-४५ ला टेकलेला असायचा, कुत्रीसुद्धा नालीत जाऊन बसायची, आणि तेव्हा त्या रांजणातलं पाणी घशाखाली उतरताना पार पोटापर्यंत कळायचं.

इथे फ्रिजचं पाणी घशाला सोसेना म्हणून फुटपाथवरून माठ घेतला. नळ बसवलेला, विटकरी रंगावर पांढरी वारली चित्रं. सून म्हणाली, दिसायला छान आहे. दिसायला छानच आहे. सध्या इथे पारा ३४-३५ च्या आसपास आहे, म्हणजे अकोल्यापेक्षा दहा अंश कमी. मग पाणी आणखी गार व्हायला हवं की नको? तर बाप्पा, पिंपातल्या पाण्यात आणि माठातल्या पाण्यात फरक शोधावा लागतो! सून म्हणते, "आई, पीस खराब निघाला." मुलगा म्हणतो, "अगं, तिकडे उन्हातून यायचीस म्हणून पाणी गार वाटायचं." म्हणजे माझ्या मनाचे खेळ. नातवाच्या आंघोळीच्या पाण्यात टाकायचा बदकाच्या आकाराचा थर्मामीटर आहे, तो माठात सोडला. खोली ३३, माठ ३१. वहीत लिहून ठेवलंय.

आलेच आहे तर आणखी दोन विचारून घेते.

सगळे सण इंग्रजी तारखांवर इकडून तिकडे उड्या मारतात, एकटी संक्रांत १४ जानेवारीला ठाण मांडून बसते. ती का? आणि बसते म्हणावं तर मध्येच एखाद्या वर्षी १५ ला कशी जाते?

दुसरं म्हणजे भाकरी तव्यावर टाकली की वरून पाणी का फिरवायचं? पोळीला फिरवत नाही. आईला विचारलं होतं, ती म्हणाली, "फिरवायचं असतं." सासूबाईंनीही तेच उत्तर दिलं.

घरात विचारलं की "गुगल करा ना." केलं. गुगलने सांगितलं, माठातलं पाणी गार होतं. डोंबिवलीत का होत नाही असं विचारलं, तर वॉटर प्युरिफायरच्या जाहिराती मागे लागल्या, त्या अजून लागलेल्याच आहेत.

खडू_फळा

ताई, माठ चांगला की वाईट ते नंतर बघू, आधी हवेचं बोलू. तीस वर्षं नववी-दहावीला विज्ञान शिकवलं, त्यामुळे थोडं लांबेल.

माठातून झिरपलेलं पाणी बाहेरच्या अंगाला येऊन वाळतं. वाळायला उष्णता लागते, आणि ती ते आतल्या पाण्याकडून उचलतं. १ ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला साधारण ५८० कॅलरी लागतात. तुम्ही रोखपाल, म्हणून आकडाच मांडतो. १० लिटर पाणी १० अंशांनी उतरवायचं तर १ लाख कॅलरी बाहेर काढायला हव्यात. भागिले ५८०, म्हणजे १७२ ग्रॅम. जेमतेम एक पेलाभर पाणी वाळलं की काम झालं. (प्रत्यक्षात बाहेरची उष्णता आत शिरत राहते, त्यामुळे जरा जास्त लागतं.)

आता हा पेला किती वेगाने वाळणार ते हवा किती कोरडी त्यावर. अकोल्यात मेच्या दुपारी आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास उतरते. डोंबिवलीला खाडीची हवा, तिथे ६०-६५ टक्के धरून चला. आधीच पाण्याने भरलेल्या हवेत आणखी पाणी कुठे मावणार?

एक प्रयोग करा. थर्मामीटरला ओलं फडकं गुंडाळा आणि पंख्याखाली धरा. आकडा उतरून जिथे थांबेल तो तुमच्या माठाचा तळ. त्याखाली कुठलाही माठ जाणार नाही, मग तो कुंभाराने हिऱ्याचा घडवलेला का असेना. ४४ अंश आणि १५ टक्के आर्द्रता असेल तर हा तळ २३ च्या आसपास येतो. ३४ अंश आणि ६५ टक्क्यांना २८ च्या वर. म्हणजे दहा अंश जास्त तापलेल्या तुमच्या गावात पाणी पाच अंश जास्त गार होऊ शकतं. मनाचे खेळ वगैरे काही नाही. चिरंजीवांना हे वाचायला द्या.

अवांतर_नको

या असल्या प्रश्नांसाठी स्वतंत्र धागा? तीन प्रश्न, तीन विषय, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. फ्रिज घ्या, विषय संपवा.

निवृत्त_रोखपाल

@अवांतर_नको : फ्रिज आहे, दोन दारांचा. त्यात पाण्याच्या बाटल्यांपेक्षा उरलेल्या पिझ्झ्याचे डबे जास्त.

@खडू_फळा : सर, तुमचं वाचलं आणि कपाळावर हात मारला. हे मला कपडे वाळत घालताना कळायला हवं होतं! अकोल्यात उन्हाळ्यात साडी दोरीवर टाकून चहा ठेवायचा, चहा पिऊन होईस्तोवर साडी घडीला तयार. इथे टॉवेल दुसऱ्या दिवशीही कुबट. जी हवा टॉवेल वाळवू शकत नाही ती माठ काय वाळवणार. आणि कूलर! आमच्याकडे मार्च लागला की घरोघरी कूलरच्या ताट्या बदलायची धांदल. इथे येताना मुलाने कूलर आणूच दिला नाही. "इथे चालत नाही" एवढंच म्हणाला. त्याला तरी कारण कुठे ठाऊक होतं.

आणखी एक आठवलं. पाऊस बसला की आई रांजण रिकामा करून कोपऱ्यात पालथा घालायची. म्हणायची, "आखाड लागला, रांजणाला सुतक." मला वाटायचं, काहीतरी सोवळ्याओवळ्याचं असेल.

चाकावरची_माती

आजोळ कुंभाराचं, म्हणून दोन शब्द. हवेचं सरांनी सांगितलं ते खरं, पण ताई, तुमच्या माठावर वारली चित्रं आहेत हे वाचूनच मला शंका आली. नख मारून बघा. रंगाचा पापुद्रा निघाला तर तो माठ नाही, नळ लावलेली कुंडी आहे. रंगाने छिद्रं बुजली की पाणी बाहेर येणार कुठून? साध्या माठात रात्रभर पाणी ठेवा, सकाळी बाहेरून हात फिरवा, हात ओला लागलाच पाहिजे.

मामा मातीत राख आणि घोड्याची लीद मळायचे. शहरातली पाहुणी पोरं नाक मुरडायची. भट्टीत ती लीद जळून जाते आणि तिच्या जागी बारीक बारीक पोकळ्या राहतात, त्यातूनच पाणी पाझरतं. काळा माठ लाल माठापेक्षा गार, असं बाजारात सांगतात. काळा रंग येतो तो भट्टी शेवटी कोंडून धूर आत मुरवल्याने. गारव्याचा संबंध पाझरण्याशी. गिऱ्हाईक टिचकी मारून बघतं, ते तडा आहे का एवढंच कळायला. खण्‌ वाजला तर धड, भद्द वाजला तर परत ठेवा.

आणि माठ आतून साबणाने घासू नका. नुसतं पाणी आणि काथ्या. दोन-तीन उन्हाळ्यांत पाण्यातल्या क्षारांनी छिद्रं भरतात, मग कितीही माया असली तरी बदलावा लागतो.

तिळगूळ_घ्या

संक्रांतीचं मी घेतो. बाकीचे बहुतेक सण चंद्राच्या तिथीने चालतात. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, म्हणून दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकतात आणि अधिक महिना आला की पुन्हा पुढे येतात. संक्रांत सूर्याची. सूर्य मकर राशीत शिरला की संक्रांत. इंग्रजी कॅलेंडरही सूर्याचंच, म्हणून दोघांचं जमतं.

पण पूर्ण जमत नाही. आपण राशी ताऱ्यांवरून मोजतो, इंग्रजी कॅलेंडर ऋतूंवरून. या दोन प्रकारच्या वर्षांच्या लांबीत साधारण २० मिनिटांचा फरक पडतो, साठत साठत सुमारे ७० वर्षांत एक दिवस. १४ की १५ हा घोळ लीप वर्षाच्या पाव-पाव दिवसांचा, पण एकूण सरकणं पुढेच. स्वामी विवेकानंदांचा जन्म संक्रांतीचा, आणि त्यांची जन्मतारीख १२ जानेवारी १८६३. आता गंमत बघा. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झालं, म्हणून "ऐन संक्रांतीला मराठ्यांवर संक्रांत कोसळली" असं आपण शाळेपासून ऐकतो. पण १८६३ ला संक्रांत १२ ला असेल, तर त्याच्या शंभर वर्षं आधी ती १० च्या आसपास हवी. म्हणजे भाऊसाहेब रणात उतरले तेव्हा संक्रांत होऊन तीन-चार दिवस उलटले होते! आजची तारीख आपण मागे नेऊन चिकटवली. हे मी एका व्याख्यानानंतर वक्त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, "भावना समजून घ्या."

ज्वारीची_कडक

सोलापूरकडून भाकरी. गव्हाच्या पिठात चिवटपणा असतो, पोळी ताणली तरी तुटत नाही. ज्वारीत तो नाही, म्हणून आपण गरम पाण्यात पीठ मळतो आणि थापतो, लाटत नाही. परातीत खाली पीठ भुरभुरवलेलं असतं, आणि भाकरी तव्यावर टाकताना ती पिठाची बाजू वर येते. ते पीठ कोरडं राहिलं तर वरचा भाग तडकतो, आणि तडकलेल्या भाकरीतून वाफ निसटते. पाणी फिरवलं की पीठ भिजून शिजतं, त्याचा पापुद्रा धरतो आणि वाफ आत कोंडून भाकरी फुगते. पाणी पुरतं आटायच्या आत उलटायची, ओल हाताला जाणवत असतानाच. एवढा वेळ साधला की झालं. माझ्या पहिल्या दोन वर्षांच्या भाकऱ्या नकाशासारख्या होत्या, त्या आकारामुळे नाही, भेगांमुळे.

निवृत्त_रोखपाल

चार दिवसांनी परत आले. हिशेब मांडते.

नख मारलं. वारलीतला ढोल वाजवणारा माणूस सबंध निघून हातात आला. शनिवारी बाजारातून साधा बिनरंगाचा माठ आणला, टिचकी मारून. विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला कळतं हो." मी काही बोलले नाही.

दोन्ही माठ ओट्यावर शेजारी ठेवले, पाणी एकाच पिंपातलं. बदकाला नातवाचा ओला पायमोजा घालून पंख्याखाली टांगलं. नातू रडला, मग हसला. सकाळ-दुपार-रात्र तीन दिवस नोंदी केल्या. दुपारचे आकडे असे : खोली ३३, रंगीत माठ ३१, साधा माठ २९, पायमोजातलं बदक २८. म्हणजे दोन अंश रंगाने खाल्ले आणि बाकीचे खाडीने. साधा माठ बदकापेक्षा एका अंशाने मागे राहिला, तो अंश मी सरांच्या "बाहेरून आत शिरणाऱ्या उष्णते"च्या खात्यावर टाकला आहे. आता झोप लागेल.

मुलाला वही दाखवली. त्याने दोनदा वाचली आणि म्हणाला, "मग अकोल्याला माठ नेऊन विकायला हवेत." बँकेत न जाता हा सॉफ्टवेअरमध्ये गेला ते बरंच झालं.

रंगीत माठात सून कढीपत्ता लावणार आहे. भाकरी परवा केली, पाणी आटायच्या आत उलटली, फुगली. पानिपताचं मात्र मी घरात कुणाला सांगितलं नाही, आमच्याकडे व्याही इतिहासाचे आहेत.

आता पुढचा. हा माझा नाही, सुनेचा आहे. काल रात्री ती ओटा पुसता पुसता म्हणाली, "आई, तिथे विचाराल का? दूध उतू जातं, मग पाणी कितीही उकळलं तरी उतू का जात नाही?"